सेंबुंगान: जावाच्या माथ्यावरच्या बटाट्याच्या गावात पहिल्यांदा जाताना

कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, आपण धापा टाकत टेकतो तेव्हा महाराष्ट्रात आपल्याहून उंच काही उरलेलं नसतं. जावा बेटावरचं सेंबुंगान हे गाव त्याच्याही पाचेकशे मीटर वर वसलंय. शाळा, मशीद, किराण्याची दुकानं, एकमेकांना चिकटून उभी पत्र्याच्या छपरांची घरं, आणि घराच्या पायरीपासून निघून थेट डोंगराच्या डोक्यापर्यंत गेलेले बटाट्याचे वरंबे. जावातलं सर्वांत उंच गाव म्हणून त्याची ओळख सांगतात. तरीही आपल्याकडे इंडोनेशिया म्हटलं की बाली, आणि फार तर बोरोबुदूर, यापुढे गाडी सरकत नाही.

जे थोडे लोक इथे येतात ते रात्री बारा-एकला योग्याकार्ताहून गाडीत बसतात, पहाटे सिकुनिर टेकडीवर सूर्योदय बघतात, दोन देवळं आणि एक वाफाळतं विवर उरकतात आणि दुपारी परत. पहिल्या वेळी मीही हेच केलं. गावातून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा गाव दिसलंच नाही: जाताना अंधार होता, येताना झोप. त्यामुळे या लेखातला पहिला सल्ला सगळ्यांत महत्त्वाचा आहे. गावात किमान दोन रात्री मुक्काम करा. बाकी सगळं त्या भोवती बसवता येतं.

नकाशावर आधी बोट ठेवा

मध्य जावात वोनोसोबो नावाचा जिल्हा आहे. नाव उच्चारून बघा. मूळ शब्द ‘वनसभा’, जावानीज जिभेवर अ चा ओ झाला आणि वोनोसोबो उरलं. या जिल्ह्याच्या उत्तरेला दिएंगचं पठार आहे, सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचं, जुन्या ज्वालामुखींच्या विवरांनी आणि तळ्यांनी भरलेलं. ‘दिएंग’ म्हणजे ‘दि’ आणि ‘ह्यांग’: देवांचं ठिकाण. पठार दोन जिल्ह्यांत वाटलेलं आहे. दिएंग कुलोन, म्हणजे पश्चिम दिएंग, बांजारनेगारा जिल्ह्यात आणि दिएंग वेतान, म्हणजे पूर्व दिएंग, वोनोसोबोत. रस्ता ओलांडला की जिल्हा बदलतो, आणि तिकीट, पार्किंग, चौकशी या सगळ्यात त्याचा थोडा घोळ होतो. त्याची सवय करून घ्या.

सेंबुंगान वोनोसोबोच्या बाजूला, केजाजार तालुक्यात. दिएंगच्या तिठ्यापासून सहा-सात किलोमीटर आत, रस्ता जिथे संपल्यासारखा वाटतो तिथे. गावाला ‘देसा’ म्हणतात आणि सरपंचाला ‘केपाला देसा’. आपला देश तिकडे जाऊन गावाएवढा झाला आणि कपाळाचं डोकं झालं. गावाला लागून तळं आहे, तलागा चेबोंग. चेबोंग म्हणजे बेडकाचं पिल्लू. वरून बघितलं तर तळ्याचा आकार तसाच दिसतो म्हणून. आणि ‘तलागा’ हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको.

महिना निवडताना

मे ते सप्टेंबर कोरडा काळ, ऑक्टोबर ते एप्रिल पावसाचा. पावसात धुकं दुपारी बारालाच पठारावर उतरतं आणि मग दहा फुटांवरची म्हैससुद्धा दिसणार नाही. पण हिरवा रंग बघायचा असेल तर पावसाची सुरुवात किंवा शेवट वाईट नाही.

जुलै-ऑगस्ट सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत थंड. या दोन महिन्यांत काही पहाटे तापमान शून्याखाली जातं आणि पठारावरच्या जुन्या अर्जुन देवळासमोरचं गवत पांढरं होतं. विषुववृत्तापासून सातच अंश दक्षिणेला असलेल्या बेटावर बर्फासारखं काही पडतं म्हटल्यावर जकार्ता-सेमारांगचे लोक गाड्या भरभरून येतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात. शेतकरी मात्र त्याला ‘एम्बुन उपास’ म्हणतात. अर्थ आहे विषारी दव. एका रात्रीत बटाट्याचा पाला करपून काळा पडतो. तुम्ही ज्या घरी उतरला आहात तिथे सकाळी “बर्फ पडलं का?” असं उत्साहानं विचारण्याआधी त्यांचं शेत कुठल्या बाजूला आहे हे विचारा.

ऑगस्टमध्ये दिएंगचा सांस्कृतिक महोत्सव असतो, २०१० पासून. तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि रस्ता तासन्‌तास तुंबतो. पहिलीच भेट असेल तर ते दिवस टाळा.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो, फी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका. एका रुपयाला साधारण पावणेदोनशे ते दोनशे रुपिया मिळतात. सुरुवातीचे दोन दिवस शून्यं मोजण्यात जातात. शेवटची तीन शून्यं मनातल्या मनात झाकायची आणि उरलेल्या आकड्याला पाचानं-सहानं गुणायचं, म्हणजे रुपये येतात. स्थानिक लोकही बोलताना ती तीन शून्यं गिळतात.

रोकड वोनोसोबो शहरातच काढून ठेवा. दिएंगमध्ये एटीएम आहे, पण सुट्टीच्या दिवशी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. सेंबुंगानात सगळा व्यवहार रोखीचा धरून चला.

कपड्यांबाबत आपल्या लोकांची एक खोड आहे: ‘जावा म्हणजे उकाडा’ असं धरून सुती शर्टांवर जातात. जाडसर जाकीट, कानटोपी, हातमोजे, दोन जोड लोकरी मोजे घ्या. विसरलात तर दिएंगच्या टपऱ्यांवर टोप्या-मोजे मिळतात. पावसाळी कोट कोरड्या महिन्यांतही लागतो. विजेचं प्लग दोन गोल पिनांचं, आपला मोबाइलचा चार्जर बसतो. घड्याळ दीड तास पुढे.

पोहोचायचं कसं

मुंबईहून जकार्ता गाठा किंवा सिंगापूर-क्वालालंपूरमार्गे योग्याकार्ताला उतरा. योग्याकार्ताचा नवा विमानतळ शहरापासून लांब, कुलोन प्रोगोला आहे. तिथून शहरातल्या तुगू स्टेशनपर्यंत रेल्वे जाते, पाऊण तासाच्या आत. जकार्तातून रेल्वेनं यायचं तर योग्याकार्ता किंवा पुर्वोकर्तोपर्यंत या. पुर्वोकर्तोपासून वोनोसोबोला पूर्वी रेल्वे होती, ती १९७८ मध्ये बंद झाली. आता पुढचा रस्ता बसचाच.

योग्याकार्ताहून स्वस्त आणि सावकाश मार्ग असा: जोंबोर बसस्थानक, तिथून मागेलांग, तिथून वोनोसोबो. वोनोसोबोहून दिएंगला मिनीबस जाते, तिला ‘मिक्रोबूस’ म्हणतात. अंतर २६ किलोमीटर, तास-सव्वा तास. खिडकीत डावीकडे-उजवीकडे कुठेही बसा, पण पाय आखडून बसायची तयारी ठेवा, कारण पायाशी कोबीचं पोतं येऊ शकतं. ड्रायव्हर भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे किती भरली याची त्याची व्याख्या आपल्या वडापवाल्याच्या व्याख्येशी तंतोतंत जुळते. दुपारी चारनंतर गाडी मिळेल असं गृहीत धरू नका; वोनोसोबोत दोनच्या आत पोहोचाल असा हिशेब करा.

दिएंगच्या तिठ्यावर उतरल्यावर सेंबुंगानला नेमाची बस नाही. ‘ओजेक’ म्हणजे भाड्याची मोटरसायकल करायची किंवा घरमालकाला आधीच सांगून ठेवायचं. बहुतेक घरमालक स्वतः घ्यायला येतात, कारण त्यांनाही बाजारात काही ना काही काम असतंच.

स्वतः दुचाकी भाड्यानं घेऊन येणाऱ्यांना एक इशारा. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला दिएंगचा मुख्य रस्ता टाळून गारुंगकडून म्लांडीमार्गे सिकारिम धबधब्याजवळून सेंबुंगानला चढवेल, कारण तो जवळचा दिसतो. तो रस्ता भयंकर उभा आहे. बिनगिअरची स्कूटर चढताना दम टाकते आणि उतरताना ब्रेक तापून सोडून देते. धबधबा बघायचा असेल तर गावातल्या माणसाच्या मागे बसून जा. त्याला उतार पाठ असतात.

घरात शिरताना

गावात हॉटेलं अशी नाहीत. घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असतात आणि पाटीवर ‘होमस्टे’ लिहिलेलं असतं. खोलीला साधारण दीड ते तीन लाख रुपिया. पैसे ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: “आदा आइर पानास?” गरम पाणी आहे का? नसेल तर बाथरूममध्ये सिमेंटची टाकी आणि प्लास्टिकचा लांब दांड्याचा तांब्या असेल, आणि टाकीतलं पाणी पहाटे हात बधिर करणारं. अशा घरी आंघोळ दुपारी बाराला उरकावी.

दारात “कुलो नुवून” म्हणा. आपण “आहे का कोणी घरात?” म्हणतो त्याच सुरातला हा जावानीज शब्द आहे, आणि परदेशी माणसाच्या तोंडून तो आला की घरातलं हसू आधी बाहेर येतं आणि माणसं मागून. वयानं मोठ्या पुरुषाला ‘पाक’, बाईला ‘बू’, तरुणाला ‘मास’, तरुणीला ‘एम्बाक’. नुसत्या नावानं हाक मारणं उद्धटपणाचं. कोणाच्या समोरून जायचं असेल तर किंचित वाकून “नुवून सेवू”. सेवू म्हणजे हजार. वाट द्या म्हणताना हजारदा परवानगी मागायची. आभारासाठी “मातूर नुवून”. एवढ्या चार शब्दांवर दोन दिवस निघतात. पैसे किंवा वस्तू उजव्या हातानं द्यायची, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

गाव मुसलमान आहे आणि शांतपणे धार्मिक आहे. अंगभर कपडे घाला. थंडीमुळे तसेही घालालच. पहाटेची अजान साडेचारच्या सुमाराला होते. शुक्रवारी दुपारी कोणाला कामाला लावू नका.

एक गोष्ट मला फार आवडली. पाहुणा आला की बैठकीत बसवून चहा देण्यापेक्षा इथे त्याला आत नेतात, चुलीपाशी. लुंगीसारखी ‘सारोंग’ गळ्याभोवती शालीसारखी गुंडाळून बापे, बाया, म्हातारे, पोरं चुलीभोवती पाट टाकून बसतात. हात शेकत बटाट्याचा भाव, उद्याचं ऊन, कोणाच्या मुलीचं लग्न असं चाललेलं असतं. भाषा येत नसली तरी उठू नका. खोलीत जाऊन दोन रजया पांघरून मोबाइल बघत बसलात तर गावात राहून काही मिळवलं नाही.

जेवण, आणि शाकाहाऱ्यांची पंचाईत

इथला खास पदार्थ ‘मी ओंगक्लोक’. ओंगक्लोक म्हणजे बांबूची छोटी, दांड्याची टोपली. तिच्यात पिवळ्या शेवया, कोबी आणि ‘कुचाई’ नावाची लसणाच्या पातीसारखी भाजी घालून उकळत्या पाण्यात वरखाली हलवतात, मग वाडग्यात उपडी करून वर दाट, बुळबुळीत, गोडसर तपकिरी रस्सा ओततात. पहिल्या घासाला हा काय प्रकार आहे असं वाटतं. तिसऱ्या घासानंतर, आणि बाहेर धुकं असेल तर, वाडगा पुसून खाल्ला जातो. सोबत बहुतेकदा गोमांसाचं साते येतं, म्हणजे काडीला लावून भाजलेले तुकडे. ज्यांना चालत नाही त्यांनी मागवतानाच सांगावं. रश्श्यातही सुकी कोळंबी असू शकते.

शाकाहाऱ्यांनी “साया व्हेगेटारियान” एवढ्यावर थांबू नये, कारण त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो. नेमकं बोला: “तांपा दागिंग, तांपा इकान, तांपा उदांग, तांपा तेरासी.” मांस नको, मासा नको, कोळंबी नको, तेरासी नको. तेरासी म्हणजे कोळंबी आंबवून केलेला लगदा. चटणीत, भाजीत, जिथे शंका येणार नाही तिथे ती असते. अंडंही नको असेल तर “तांपा तेलूर”.

पण उपाशी राहायची वेळ येत नाही, आणि त्याचं श्रेय तेंपेला. सोयाबीन आंबवून केलेली ही वडी इथे पीठ, हळद आणि कुचाईच्या घोळात बुडवून तळतात. नाव ‘तेंपे केमूल’. केमूल म्हणजे पांघरूण! भज्यासारखी कुरकुरीत कड आणि मध्ये गोधडी ओढून झोपलेलं तेंपे. हिरवी मिरची कच्चीच सोबत देतात. हे, वाफाळता भात आणि तळलेले बटाटे यांवर कोणताही मराठी माणूस आठवडा काढेल.

टपरीवर ‘पुर्वाचेंग’ घेणार का असं हसत विचारतील. पठारावर उगवणारी ही वनस्पती पुरुषांच्या ताकदीची म्हणून प्रसिद्ध आहे आणि कॉफीत, दुधात घालून विकतात. अंगात थोडी ऊब येते. त्यापुढचं ज्याचं त्यानं ठरवावं.

सिकुनिरची पहाट

गावात मुक्कामाला असण्याचा रोकडा फायदा इथे कळतो. योग्याकार्ताहून निघालेल्यांची रात्र गाडीत गेलेली असते. तुम्ही साडेतीन-चारला उठता, तळ्याकाठानं चालत टेकडीच्या पायथ्याशी येता. चढ पाऊण तासाचा, पायऱ्या बऱ्याच ठिकाणी बांधलेल्या, पण दव पडून निसरड्या. हातात बॅटरीपेक्षा डोक्यावरची बॅटरी बरी. वाटेत दोनतीन ठिकाणी चौथरे आहेत. बहुतेक गर्दी पहिल्या मोकळ्या जागेवर थांबते; थोडं आणखी वर गेलात तर उभं राहायला जागा मिळते.

‘कुनिर’ म्हणजे हळद. सिकुनिर म्हणजे हळदीचा डोंगर, आणि साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास पूर्वेकडे जे होतं ते बघितल्यावर जेजुरी आठवल्याशिवाय राहत नाही. समोर सिंदोरो, त्याच्या मागे सुम्बिंग, दोन्ही तीन हजार मीटरच्या वरचे, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर मर्बाबू आणि धुराची रेघ सोडणारा मरापी. सूर्य वर आला की लोक दहा मिनिटांत उतरायला लागतात. तुम्ही बसून राहा. सातच्या पुढे उन्हात शेतांचे वरंबे एकेक करून उजळत जातात, खालून औताचा नाही तर पाण्याच्या पंपाचा आवाज येतो, आणि मग गाव खरोखर कुठे बसलंय ते समजतं.

शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. त्या दोन पहाटे पायऱ्यांवर रांग लागते, आषाढीची आठवण व्हावी अशी.

देवळं: नावं ओळखीची, माणसं वेगळी

दुसऱ्या दिवशी दिएंगमध्ये उतरा. पठारावर आज आठ देवळं उभी आहेत, सातव्या ते नवव्या शतकातली, जावातल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी. अर्जुन देवळाजवळ सापडलेल्या शिलालेखावर शके ७३१ असं वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ८०९. आपल्या पंचांगावर छापलेला शक आणि हा शक एकच. वेरूळचं कैलास कोरलं गेलं त्याच आगेमागेच्या काळात इथे पंधरावीस फुटी दगडी देवळं रचली जात होती, आणि इथल्या वस्तुसंग्रहालयाचं नावही योगायोगानं ‘कैलास’ आहे. तिथे आधी अर्धा तास घालवा, मग देवळांत जा.

मुख्य गटात पुंतादेवा, सेम्बाद्रा, श्रीकांडी, अर्जुना ही चार देवळं एका ओळीत पश्चिमेकडे तोंड करून. पुंतादेवा म्हणजे धर्मराज, सेम्बाद्रा म्हणजे सुभद्रा. अर्जुन देवळासमोर आडवं, बुटकं सेमार. गटापासून बाजूला गटोत्काचा, डोंगराच्या पायथ्याशी द्वारावती, आणि दक्षिणेला एकटा बीमा. ही नावं देवळं बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या ‘वायांग’ खेळांतून लोकांनी ती पुढे कधीतरी लावली. देवळं मुळात शंकराची. अर्जुन देवळाच्या उत्तरेच्या भिंतीत अभिषेकाचं पाणी बाहेर जायची मोरी शोधा, आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या शिवालयात असते तशीच. श्रीकांडीच्या तीन भिंतींवर विष्णू, शिव, ब्रह्मा कोरलेले आहेत, झिजलेले पण ओळखू येणारे.

इथे आपला माणूस वाटाड्याला महाभारत शिकवायला जातो. जाऊ नका, त्यांचं महाभारत वेगळं आहे. त्यांची श्रीकांडी ही धनुर्धारी बाई आहे आणि अर्जुनाची बायको आहे. सेमार तर व्यासांना माहीतच नव्हता: तो ढेरपोट्या, विनोदी सेवक, पण मुळात देव, आणि जावाच्या माणसाला पांडवांइतकाच जवळचा. घटोत्कच उडणारा वीर. वाटेत ‘तुक बीमा लुकार’ नावाचा झरा लागतो, सेरायू नदीचा उगम. बीमा लुकार म्हणजे भीमानं कपडे उतरवले ती जागा. पांडव-कौरवांत नदी खोदायची पैज लागली आणि भीमानं ती जिंकली, अशी कथा. कशी जिंकली ते वाटाड्याकडूनच ऐका, माझ्यापेक्षा तो जास्त रंगवून सांगतो.

बीमा देवळापाशी मान वर करा. शिखरावर छोट्या छोट्या कोनाड्यांतून दगडी चेहरे बाहेर डोकावताना दिसतील. जावात असं दुसरं देऊळ नाही म्हणतात, आणि बघताना ते पटतं.

वाफेच्या जागी शहाणपण

बीमापासून थोड्याच अंतरावर सिकिडांग विवर. ‘किडांग’ म्हणजे हरीण. उकळत्या चिखलाचं तोंड एका जागी राहत नाही, हरणासारखं उड्या मारतं, म्हणून हे नाव. गंधकाचा वास डोक्यात जातो. लाकडी पायवाट केली आहे, तिच्यावरूनच चाला. कडेची जमीन घट्ट दिसते तेवढी घट्ट नसते. तिथल्या पाण्यात उकडलेली अंडी विकतात.

हे पठार जिवंत आहे. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे पश्चिमेकडच्या सिनिला विवराचा स्फोट झाला. केपुचुकान गावचे लोक घाबरून रस्त्यानं पळाले आणि वाटेतच मेले, कारण जमिनीतल्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड निघून रस्त्याच्या सखल भागात साचला होता. १४९ माणसं गेली, केपुचुकान गाव पुन्हा वसलं नाही. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, ओहोळात, दरीच्या तळाशी बसून राहतो, विशेषतः वारा पडलेला असताना. म्हणून नियम साधा आहे: कुंपण घातलेल्या विवराजवळ जाऊ नका, आडवाटेनं सखल भागात उतरू नका, आणि पळायची वेळ आलीच तर उंचावर पळा. २ जुलै २०१७ ला सिलेरी विवर अचानक उसळून पर्यटक भाजले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी ‘माग्मा इंडोनेशिया’ या सरकारी अ‍ॅपवर दिएंगची पातळी बघा. चार पायऱ्या असतात: नॉर्माल, वास्पादा, सियागा, आवास. पहिल्या दोनांत लोक फिरतात, पण वास्पादा असेल तेव्हा कोणत्या विवरापासून किती अंतर राखायचं ते लिहिलेलं असतं. सियागा म्हणजे बेत बदला.

बटाटा

एक अख्खी दुपार बटाट्याला द्या. पुणे जिल्ह्यातल्या, बटाटा पिकवणाऱ्या सातगाव पठारावरून आलेल्या कोणालाही हे शेत बघून आधी आनंद होईल आणि मग पोटात गोळा येईल. आपण आडवे वरंबे घालतो, उताराला काटकोनात, म्हणजे पाणी अडतं. इथे कितीतरी शेतांत वरंबे उभे, वरून खाली. कारण विचारलं तर सांगतात की पाणी साचलं की बटाटा सडतो. उभ्या सरीतून ते निघून जातं. पाण्याबरोबर मातीही निघून जाते.

पूर्वी इथे तंबाखू, मका, कोबी होता. १९८० नंतर बटाट्यानं पठार व्यापलं. तीन-चार महिन्यांत पीक हातात, भाव बरा, आणि वाणही एकच लाडका, ग्रानोला. घरं पक्की झाली, पोरं शहरात शिकली. आणि डोंगर माथ्यापर्यंत उघडे पडले. रस्त्याच्या कडेनं पाण्याचे रबरी पाइप सापासारखे पसरलेले दिसतील, तळ्यातून शेताकडे. कोंबडखताची पोती रचलेली असतात. पहिल्या दिवशी येणारा जो वास तुम्ही गंधकाचा समजता तो बहुधा हाच असतो. चेबोंग तळं गाळानं उथळ होत चाललंय. इथून वाहिलेली माती सेरायूतून खाली बांजारनेगाराच्या म्रिचा धरणात जाऊन बसते आणि ते धरण अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर भरत आलंय. गावात हे कोणाला माहीत नाही असं नाही. चुलीपाशी विषय निघाला तर स्वतःच बोलतात. पण पुढच्या हंगामाच्या बियाण्याचे पैसेही त्याच शेतातून यायचे असतात. आपण परगावच्या माणसानं तिथे उपदेश करू नये. आपल्या नदीकाठचा ऊस आठवावा आणि चहा प्यावा.

काढणी चालू असेल तर शेतात जायला विचारा. नाही कोणी म्हणत नाही. अट एकच, वरंब्यावर पाय द्यायचा नाही.

जटा असलेली मुलं

गावात फिरताना एखादं तीन-चार वर्षांचं पोर दिसेल, डोक्यावर केसांच्या जटा झालेलं. त्यांना ‘गिंबाल’ म्हणतात. मूल जन्मतं साध्या केसांचं. मग कधीतरी सणसणून ताप येतो आणि केस गुंतून जटा होतात. त्या पठाराचे आद्य पुरुष क्याई कोलोदेते यांच्याकडून आल्या असं मानतात. कापायच्या कधी, ते मूल ठरवतं. त्याची मागणी पुरी करायची, बकरी म्हणा, सायकल म्हणा, आणि ‘रुवातान’ हा विधी करून जटा वाहत्या पाण्यात किंवा तळ्यात सोडायच्या. मागितल्याआधी कापल्या तर परत येतात आणि मूल आजारी पडतं अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे जट आली की देवाला सोडायची म्हणतात आणि मुलीचं आयुष्य संपतं. इथे जटवाल्या पोराचे लाड होतात आणि विधीनंतर ते इतरांसारखंच वाढतं. फोटो काढायचा असेल तर आईला विचारा. केसांना हात लावू नका.

परत निघताना

दिएंगच्या तिठ्यावरून वोनोसोबोची मिक्रोबूस सकाळीच पकडा, म्हणजे योग्याकार्ता उजेडात गाठता येतं. न्यायला म्हणून ‘कारिका’ घ्या. हे डोंगरी पपईचं फळ, मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, इथे घराघरापुढे त्याची झाडं आहेत. कच्चं खाल्लं तर घसा खवखवतो. पाकात मुरवलेलं आंबटगोड आणि सुंदर लागतं. छोट्या प्लास्टिकच्या पेल्यांत भरून खोक्यानं विकतात. फक्त ते खोकं विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका. त्यातला पाक द्रव पदार्थात मोडतो आणि सुरक्षा तपासणीच्या टेबलावर बारा पेले सोडून यावे लागतात. मी सोडून आलोय. मोठ्या बॅगेत, सारोंगमध्ये गुंडाळून, मधोमध ठेवा.